पिवळी साय

शिक्षकाच्या आयुष्यातले चार गमतीदार प्रसंग लिहून पाठवा, असे या अंकाच्या संपादकांनी कळवले त्याला दोन महिने होऊन गेले. प्रसंग माझ्याजवळ पुष्कळ आहेत. शहापूरच्या हायस्कुलात मी बारा वर्षे सायन्स शिकवीत आहे. एवढ्या काळात कोणाही शिक्षकाजवळ एक पुस्तक भरेल इतके हसू जमते. पाणी कशाचे बनते, या प्रश्नाला ‘आमच्याकडे विहिरीचे, शहापुरात नळाचे’ असे उत्तर लिहिणारा मुरबाडकडचा मुलगा आज तलाठी आहे आणि भेटला की अजून लाजतो.

पण यंदा श्रावणात आमच्या शाळेचा शिपाई धाऊ वारला. तेव्हापासून लिहायला बसलो की दुसरे काही सुचत नाही. म्हणून एकच प्रसंग लिहितो. तो गमतीचा नाही.

धाऊचा उजवा डोळा शाळेत, माझ्या तासाला गेला. तो कसा गेला याचे एक टिपण शाळेच्या दप्तरात आहे. त्यातला एकही शब्द खोटा नाही. तरी ते वाचून जो समज होतो, तो खोटा आहे. हे पुरते ठाऊक असलेली माणसे दोनच, असे मी समजत होतो. त्यातला एक धाऊ.

तो सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतला. माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठा, पण सगळे त्याला अरेतुरे करीत, मीही करी. तरुणपणी तो घाटात दगड फोडण्याच्या कामावर होता. पहारीने भोक पाडायचे, त्यात सुरुंगाच्या दारूची कांडी ठासायची, बत्ती देऊन पळायचे. पुढे ते काम सुटले आणि आमच्या शाळेत घंटा देणे, पाणी भरणे आणि सायन्सचे कपाट झाडणे ही कामे त्याच्याकडे आली.

प्रयोगशाळा म्हणतात तशी आमच्याकडे नव्हती. एक कपाट, एक मेज, दोन स्पिरिटचे दिवे आणि काचेची थोडी भांडी. धाऊला वाचता येत नव्हते, त्यामुळे बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांचा त्याला उपयोग नव्हता. त्याने प्रत्येक बाटलीला स्वतःचे नाव ठेवले होते. अमोनिया म्हणजे रडवा. गंधकाचे तेजाब म्हणजे म्हातारा, कारण ते संथ असते आणि लागले की सोडत नाही. सोडियम पाण्यावर सैरावैरा धावतो म्हणून पळपुट्या, आणि पोटॅशियम जांभळ्या ज्योतीने पेटतो म्हणून जांभळ्या. कपाटही त्याने आपल्या मनाने लावले होते. गरीब स्वभावाच्या बाटल्या वर, तापट खाली, आणि सगळ्यांत खालच्या फळीवर, वाळू भरलेल्या घमेल्यात, पळपुट्या आणि जांभळ्या.

ते कपाट पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी हसलो होतो. मग लक्षात आले की पदार्थांना त्यांच्या वागण्यावरून जागा देणे हेच तर मी वर्गात शिकवतो.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. जगातली सगळी वस्तुजात नव्वदएक मूलद्रव्यांची बनलेली आहे. एका रशियन पंडिताने ही मूलद्रव्ये वजनाच्या चढत्या क्रमाने मांडली, तेव्हा त्याला दिसले की ठरावीक अंतराने तोच स्वभाव पुन्हा येतो. सारख्या स्वभावाची एकाखाली एक ठेवली आणि एक कोष्टक तयार झाले. त्यात आडवे चालत गेले की स्वभाव पायरीपायरीने बदलतो, आणि उभे खाली उतरले की तोच स्वभाव अधिक ठसठशीत होत जातो. म्हणजे एकाची ओळख झाली की त्याच्या खालच्याचा अंदाज बांधता येतो, तो न पाहता.

हे त्या वेळी मॅट्रिकच्या अभ्यासात नव्हते. मी हौसेने शिकवी. मांजरपाटाच्या कापडावर काळ्या-तांबड्या शाईने ते कोष्टक मी स्वतः काढले होते आणि वर्गाच्या आढ्याला टांगले होते. तो तास म्हणजे माझा वर्षाचा सण. सोडियमचा वाटाण्याएवढा तुकडा चाकूने कापून मी विचारी, “हा धातू असून खोबऱ्यासारखा कापला जातो. मग याच्या खालचा पोटॅशियम?”

“अजून मऊ!” मुले ओरडत.

“सोडियम पाण्यावर पळतो. मग खालचा?”

“अजून तापट!”

मग मी पोटॅशियम कापून दाखवी, तो लोण्यासारखा कापला जाई, आणि पाण्यात टाकला की पेट घेई. मुलांनी सांगितलेले डोळ्यांसमोर खरे व्हायचे. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल आपण बरोबर बोललो, हा आनंद त्या पोरांच्या तोंडावर दिसे. त्यासाठी मी शिक्षक झालो असे म्हटले तरी चालेल.

लढाई सुरू झाल्यावर मुंबईहून रसायने मिळेनाशी झाली. पोटॅशियमचा एकच खडा माझ्याकडे उरला होता, सुपारीएवढा, नोकरीला लागलो त्या वर्षी आणलेला. मी तो जपून वापरी. पुढे दोन वर्षे तर तो काढलाच नाही. हे दोन्ही धातू हवा लागू नये म्हणून रॉकेलमध्ये बुडवून ठेवावे लागतात. रॉकेलचे रेशन झाले तेव्हा मीच धाऊला सांगितले, “बाटल्या गळ्यापर्यंत भरू नकोस. खडा बुडण्यापुरते पुरे.” रॉकेल उडून जाई, खड्याचे टोक कधी उघडे पडे, तो पुन्हा थोडे घाली. हे मी सांगितले होते, त्याने केले.

लढाईच्या चौथ्या वर्षी आमच्या शाळेला मॅट्रिकचा वर्ग मिळायचा होता. वर्ग चालू केला होता, पण मान्यता यायची होती, आणि ती इन्स्पेक्टरसाहेबांच्या एका भेटीवर होती. खेड्यातली शाळा, प्रयोगशाळा नाही, इथे सायन्स शिकवले जाते की नुसते पाठ करून घेतात, अशी त्यांना शंका होती. वर्गात एकोणीस मुले होती, त्यांत सात मुरबाड तालुक्यातली. शहापुरात एका ओसरीवर राहून, हाताने भात शिजवून शिकत होती. मान्यता नाकारली तर कल्याणला जाऊन शिकण्यासारखी दोघे-तिघे, बाकीच्यांची शाळा संपली.

“तुम्ही काय दाखवणार?” हेडमास्तरांनी मला विचारले.

मी सांगितले.

“ते पुस्तकात आहे का?”

“नाही.”

“मग पुस्तकातले दाखवा की. प्राणवायू करा, काडी पेटवा, मोकळे व्हा.”

“प्राणवायू प्रत्येक शाळा दाखवते. साहेबांना वाटले पाहिजे की ही पोरे विचार करतात.”

हेडमास्तर सज्जन, पण भित्रे गृहस्थ होते. त्यांनी थोडा वेळ मिशी चावली आणि म्हणाले, “बघा बुवा. नाक तुमचे नाही, शाळेचे आहे.”

भेटीच्या दिवशी सकाळी मी लवकर शाळेत गेलो. धाऊ कपाटापुढे उकिडवा बसला होता. जांभळ्याची बाटली उजेडात धरून तो ती हळूहळू फिरवीत होता.

“मास्तर, हितं या जरा.”

“काय रे?”

“ह्याला साय धरलीय. पिवळी.”

मी पाहिले. खड्यावर एका अंगाला पिवळी, थोडी तांबूस पापडी जमली होती. सोडियमवर पांढरा थर नेहमी चढतो, तो खरवडून टाकतो. मी म्हणालो, “जुना झाला आहे. वरचे काढून टाकू.”

“पळपुट्यावर पांढरी येते. ही पिवळी हाय. मला नाय बरी वाटत.”

“मग काय करू? दुसरा कुठून आणू?”

त्याने बाटली खाली केली. मग म्हणाला, “घाटात जुन्या दारूला असा घाम यायचा. त्याला आमी लोखंड लावत नव्हतो. मुकादम सांगायचा, घाम आलेली कांडी दिसली का हात जोडून मागं फिरायचा. येक जण नाय फिरला.”

“धाऊ, ती सुरुंगाची दारू. हा धातू आहे.”

“तुमी शिकलेलं. मी काय सांगू?” असे म्हणून त्याने बाटली घमेल्यात ठेवली. पण थोड्या वेळाने मी मेज मांडीत असताना त्याने माझ्या चाकूशेजारी एक बांबूची कामटी आणून ठेवली. ताजी तासलेली, कडेला पातळ, सुरीसारखी.

मला राग आला. तो धाऊचा नव्हता, हे आता कळते. त्या पिवळ्या सायीने मलाही थोडे अस्वस्थ केले होते आणि ते मला नको होते. माझ्या पुस्तकांत त्या सायीबद्दल काही नव्हते. पुढे मी ते शोधून वाचले, जुन्या पोटॅशियमवर हवेने असा थर चढतो, आणि चाकूने तो आतल्या धातूत दाबला गेला की स्फोट होतो. कोष्टक मला पदार्थाचा स्वभाव सांगत होते. सहा वर्षे एका बाटलीत पडलेल्या एका खड्याचे काय झाले आहे, हे ते सांगत नाही. ते सांगणारा माणूस समोर उकिडवा बसला होता.

अकरा वाजता साहेब आले. उंच, सावकाश बोलणारे. ते मागच्या बाकावर वही उघडून बसले, शेजारी हेडमास्तर. मुले इतकी ताठ बसली होती की कोणी खोकतही नव्हते. पहिल्या बाकावर मुरबाडकडची तीन मुले होती. बाक मेजापासून हातभरावर होता, कारण आमची खोलीच तेवढी.

सुरुवात चांगली झाली. कोष्टकावर पट्टी ठेवून मी विचारीत गेलो, मुले सांगत गेली. सोडियम कापला, पाण्यात टाकला, तो सुं सुं करीत धावला. पहिल्या बाकावरचा सीताराम म्हणाला, “सर, जमीन तापल्यावर आमी अनवाणी पळतो तसा.” वर्ग हसला. साहेबही हसले आणि वहीत काहीतरी लिहिले. मला वाटले, जिंकले.

“मग याच्या खालचा?”

“अजून मऊ!”

मी चिमट्याने पोटॅशियमचा खडा बाहेर काढला आणि टीपकागदावर ठेवला. उजेडात साय सकाळपेक्षा जास्त तांबूस दिसली. क्षणभर हात थांबला. कामटी चाकूशेजारीच होती. पण कामटीने कापून मऊपणा काय दिसणार, आणि साहेबांसमोर बांबू हातात घेऊन मी कसा दिसणार, हे दोन विचार मनात आले. या क्रमाने आले की उलट, ते मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारले आहे.

मी चाकू उचलला. तेवढ्यात दारात उभा असलेला धाऊ आत आला आणि पहिल्या बाकापुढे, मुलांकडे पाठ करून, मेजाला चिकटून उभा राहिला.

“धाऊ, बाजूला हो. मुलांना दिसत नाही.”

तो हलला नाही.

“अरे, बाजूला हो म्हणतो ना!”

“कापा तुमी,” तो हळू म्हणाला. त्याचे डोळे माझ्या चाकूवर होते.

मागे हेडमास्तरांनी घसा खाकरला. साहेबांनी वहीतून मान वर केली. मी चाकू सायीवर टेकवला आणि दाबला.

आवाज फार मोठा नव्हता. फटाका फुटावा तसा. पण पांढरा धूर झाला, टीपकागद पेटला आणि धाऊने तोंडावर हात घेतले. त्याच्या सदऱ्यावर, गालावर, कपाळावर जळते कण चिकटले होते.

“पाणी! पाणी आणा!” हेडमास्तर ओरडले. सीताराम माठाकडे धावला.

“पाणी नको!” मी त्याहून मोठ्याने ओरडलो आणि सीतारामच्या हातातला तांब्या उडवून लावला. त्या कणांना पाणी लागले असते तर ते तोंडावर आणखी भडकले असते. मी धोतराच्या सोग्याने त्याचा चेहरा कोरडा पुसला, कण वेचले, पुन्हा पुसले, आणि मगच तांब्यामागून तांब्या पाणी ओतले. मधे किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मुलांना तो फार वाटला आणि मलाही. डोळ्यात फक्त क्षार गेला असेल तर पाणी ताबडतोब हवे होते. कण गेला असेल तर नको होते. पुढे कल्याणच्या डॉक्टरांना मी हे विचारले. ते म्हणाले, “आता ते कोण सांगणार, मास्तर?”

बैलगाडी जुंपेपर्यंत धाऊ पायरीवर बसला होता. त्याने एकच विचारले, “पोरांना लागला का कुनाला?”

“नाही.”

“मंग बरा झाला.”

आसनगाव स्टेशनावर गाडीची वाट पाहत आम्ही बसलो. त्याने माझे उपरणे डोळ्याला बांधले होते. मी बोलण्याचा प्रयत्न केला. तो म्हणाला, “मास्तर, गप बसा. ठणकतंय.”

साहेब त्याच दिवशी परत गेले. जाताना त्यांनी हेडमास्तरांना सांगितले, “मुले चांगली तयार आहेत. पण घडले त्याचा लेखी खुलासा पाठवा. शिक्षकाची चूक असेल तर ज्याच्या हाती सायन्स सोपवता येईल असा माणूस इथे नाही, असे मला लिहावे लागेल.” म्हणजे वर्ग गेला.

तिसऱ्या दिवशी हेडमास्तर खुलासा, एक प्रत साहेबांसाठी आणि एक दप्तरासाठी, लिहून कल्याणला घेऊन आले. इस्पितळाच्या व्हरांड्यात त्यांनी तो मला दाखवला. ‘प्रयोग चालू असता शिपाई धाऊ हा, बाजूस होण्यास दोन वेळा सांगितले असताही, मेजाजवळ उभा राहिला व त्यामुळे त्याच्या उजव्या डोळ्यास इजा झाली.’

“यात काही खोटे आहे?” त्यांनी विचारले.

“नाही.”

“मग सही करा. त्याची नोकरी जाणार नाही, हे माझ्याकडे लागले. एकोणीस पोरांचा विचार करा.”

मी पोरांचा विचार केला. माझाही केला. आणि सही केली. मग धाऊपुढे बसून ते टिपण त्याला वाचून दाखवण्याचे काम माझ्यावर आले, कारण त्याचा अंगठा हवा होता.

त्याने नीट ऐकून घेतले. म्हणाला, “बराबर हाय. तुमी सांगितलंत, मी हटलो नाय.” मग, “साय लिवली नाय ती?”

“नाही.”

“लिवली तर वर्ग जाईल?”

“जाईल.”

त्याने हात पुढे केला. मी त्याच्या अंगठ्याला शाई लावली.

मान्यता आली. त्या वर्षी एकोणीसपैकी अकरा मुले मॅट्रिक झाली, सीतारामही झाला. हेडमास्तरांनी पेढे वाटले. धाऊने घंटा दिली आणि कपाट झाडले. चालताना तो उजव्या बाजूला दाराच्या चौकटीला खांदा लावी, कारण ती बाजू दिसत नसे. मी पुढे त्याला ‘तुम्ही’ म्हणण्याचा प्रयत्न केला. दोन दिवस त्याने ऐकून घेतले, मग म्हणाला, “माझा काय चुकला का, मास्तर?” मी पुन्हा ‘तू’वर आलो.

कोष्टकाचा तास मी सोडला नाही. फक्त पोटॅशियम दाखवीत नाही, खडूने सांगतो. सोडियम पळतो, मुले ओरडतात, “अजून तापट!”, आणि मी फळ्याकडे वळतो. दर वर्षी नेमक्या त्या वेळी धाऊ आत येई आणि पहिल्या बाकापुढे, मुलांकडे पाठ करून उभा राही. माझ्या हातात खडूशिवाय काही नसे. नवी मुले कुजबुजत, “ओ धाऊमामा, दिसत नाय, सरा ना!” एकदा एकाने विचारले, “सर, हे प्रयोगात आहे का?” मी म्हणालो, “आहे.”

श्रावणात तो तापाने गेला. दहाव्याला मी मुरबाडमार्गे त्याच्या वाडीला गेलो. पुढची वाट चिखलाची, सिद्धगड ढगात. त्याची बायको चिमाबाई दारात बसली होती. मी तिला ते टिपण आणि ती साय, दोन्ही सांगितले. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी सांगत होतो. शेवटी म्हणाली, “मला ठावं हाय. तो घरी आल्या आल्या बोललेला.”

“मग तुम्ही कधी काही म्हटले नाही?”

“काय बोलायचा? त्यानंच अंगठा दिला ना.” तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. “पर येक सांगायचा तो. दर वरसाला मी जाऊन तितंच उभा रहातो, बोलायचा, आन आता मास्तर मला बाजूला हो नाय बोलत.”

परत आल्यावर मी दप्तरातून तो खुलासा काढला. जुने हेडमास्तर निवृत्त झाले आहेत, वर्गाला आता कोणी हात लावणार नाही. मला लावतील, तर लावोत. धाऊच्या अंगठ्याखाली थोडी कोरी जागा होती. तिथे मी लिहिले आणि सही केली: ‘त्या दिवशी सकाळी धाऊने मला साय दाखवली होती. मी ती पाहिली होती.’